बारावीतलं आभाळ

नव्या पोयनाडात सूर्य मावळला तरी अंधार पडत नसे. आभाळ ताऱ्यांनी इतकं गच्च, की त्या उजेडात भाकरी करपलेलीसुद्धा दिसे. गाव वसलं होतं मोगरा नावाच्या गोलाकार तारकागुच्छात, म्हणजे एकमेकांना धरून राहिलेल्या लाखो ताऱ्यांच्या गोळ्यात.

गाव इथे राहणार की उठणार, ते आज ठरायचं होतं. तीन वर्षं मोजमापं करून खगोलतज्ज्ञ इरावतीबाई संध्याकाळी ग्रामसभेला आल्या होत्या. सरपंच दत्तूभाऊ पाटकर छाती काढून उभे राहिले.

"बाई, आमच्या पणजोबांनी पृथ्वीवर यादी बघून हा गुच्छ निवडला. वर्ग पहिला ते बारावा, त्यात आपला बारावा. आता बारावी सोडून पहिलीत कोण जाऊन बसेल?"

बाईंनी हसू दाबलं. "भाऊ, ते शाळेचे वर्ग नव्हेत. गुच्छाच्या मध्यावर ताऱ्यांची दाटी किती, त्यावरून वर्ग ठरतो. पहिला म्हणजे घट्ट वळलेला लाडू."

"आणि बारावा?"

"फुटलेला."

सभा पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्यांदा सरपंचांची बायको, इंदूवहिनी. "तरी म्हटलं, यांच्या घराण्यात बारावी कुठून आली!"

"पणजोबा चुकले ते बरंच झालं," बाई म्हणाल्या. "दाट गुच्छात परका तारा जवळून जातो आणि ग्रहाला त्याच्या सूर्यापासून ओढून नेतो. इथे ती भीती नाही. खुशाल राहा."

ढोल सुरू झाले. दत्तूभाऊंनी हात वर करून ते थांबवले. सरपंचाला 'पण'चा वास लांबून येतो.

"पण काय, बाई?"

"सैल गुच्छातून कडेचे तारे निसटतात. आपला सूर्य निसटलाय. तीस लाख वर्षांनी आभाळात जवळपास काहीच उरणार नाही."

"म्हणजे या निवडणुकीत अडचण नाही! वाजवा रे!"

ढोल चालू असतानाच दत्तूभाऊ कचेरीत जाऊन बसले आणि त्या तीस लाख वर्षांनंतरच्या गावकऱ्यांसाठी लिहू लागले, 'आमच्या आभाळात नुसत्या डोळ्यांना सात हजार तारे दिसत.'

वहिनींनी खांद्यावरून वाचलं. "अहो, आकडा जरा कमी करा. काळ्या आभाळाखाली बसून वाचणार ते. तुम्हाला थापाड्या म्हणतील."

"अगं, पण खरे आहेत!"

"म्हणूनच सांगते."

दत्तूभाऊंनी खिडकीतून वर पाहिलं. मग सात हजार खोडून सातशे लिहिले. थोडा विचार करून सत्तर केले.

तेही जास्तच वाटले.