चंद्राक्काची कॅसेट

दुपारी साडेतीनला कॉफीचा टंबलर वर नेऊन द्यायचा आणि साडेचारला रिकामा खाली आणायचा, एवढंच माझं काम होतं. वर माझा भाचा कादंबरी लिहीत बसलेला असे. त्याला हाक मारून उपयोग नव्हता. कानांवर सतत मोठे हेडफोन, दोन बाजूंना दोन इडल्या बांधल्यासारखे.

प्रद्युम्न माझ्या धाकट्या भावाचा, रघुरामचा मुलगा. चेन्नईत वाढला, कॉम्प्युटरची बरी नोकरी लागली, ती सोडली, आणि सत्ताविसाव्या वर्षी आपण लेखक आहोत असा शोध लागून तंजावूरला माझ्याकडे आला. कादंबरी आपल्याच घराण्यावर, पण लिहायची इंग्रजीत. मराठी त्याला समजे. बोलताना मात्र अर्धी तमिळ व्हायची, आणि देवनागरी म्हणजे त्याच्या लेखी रांगोळी. मी पस्तीस वर्षं इथल्या ग्रंथालयात जुनी मोडी कागदपत्रं वाचली, त्यांच्या याद्या केल्या. दोनशे वर्षांपूर्वी कुणी कंटाळून, वाकड्या हाताने लिहिलेलं अक्षरही मला लागतं. तेव्हा असल्या लेखकाबद्दल माझं मत काय असणार, तुम्हीच समजा.

त्याचं ते गाणी लावून लिहिणं मला सगळ्यात हास्यास्पद वाटे. पावसाच्या प्रसंगाला एक यादी, प्रेमाला दुसरी. कुणाला मारायचं असलं की तिसरी, तिच्यात नुसतं व्हायोलिन रडत असे.

"म्यूझिक नाही तर मूड येत नाही, आत्या," तो म्हणायचा.

"मोडी लिहिणाऱ्यांना कोण वाजवून दाखवत होतं रे?"

तो हसायचा. त्याला वाटे, आत्या विनोद करते.

मे महिन्यात त्याचं लिखाण अडलं. याद्या संपल्या असाव्यात. मग खरी, घरातली प्रेरणा हवी म्हणून तो माळ्यावर चढला आणि पत्र्याच्या पेटीतून एक कॅसेट काढून, मला न विचारता, जुन्या बसस्टँडजवळच्या स्टुडिओत घेऊन गेला. लॅपटॉपवर उतरवून आणली, तेव्हा मला कळलं.

"वरती इंग्लिशमध्ये 'चंद्रा' लिहिलं होतं. वीणा आहे, आत्या. कोण हे?"

"माझी थोरली बहीण. चंद्रमती. ती गेली तेव्हा रघुराम पाच वर्षांचा होता."

"काय झालं त्यांना?"

"दमा," मी म्हटलं आणि टंबलर उचलून खाली आले.

ती कॅसेट मी कधी ऐकली नव्हती. घरात कुणीच ऐकली नसावी. सिंगापूरच्या मामांनी रेकॉर्डर आणला होता आणि चंद्राक्का दुपारी माडीवर एकटी बसून आपला सराव त्यात भरत असे. ती गेली त्या दुपारीही तो चालूच होता. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, कॅसेट काढून पेटीत टाकली आणि तो विषय संपला. पुढे जुनं घर पाडून त्याच जागी हे नवं बांधलं, तरी पेटी टाकायचा धीर कुणाला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला वर गेले तर प्रद्युम्न दार उघडून उभाच होता. चेहरा घामाने भिजलेला.

"आत्या, हे बघा. ऐकताना बोटं आपोआप चाललीत. इंग्लिश नाही हे. मला वाटतं, तमिळही नाही."

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची ओळच्या ओळ होती, मध्ये ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. असल्या ओळी लावणं हेच माझं आयुष्यभराचं काम. मी मनातल्या मनात शब्द तोडले.

*वसू वरतीं ये. पाणी घेऊनि ये. वसू.*

वसू म्हणजे मी, वसुमती. मला वसू म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही. निरर्थक आहे. कॉफी पी."

खाली आल्यावर मी स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. पोराने माझं नाव कुठेतरी ऐकलं असेल, मनात घोळलं असेल, बोटांतून उतरलं असेल. पस्तीस वर्षं कागद तपासलेल्या बाईने एवढ्याने गार पडावं? पण 'घेऊनि' हे रूप त्याने कुठे ऐकलं असेल, ते मला सांगता येईना. आमच्या घरात तसं बोलणारे सगळे केव्हाच गेले.

तिसऱ्या दिवशी दोन पानं भरली होती. प्रद्युम्न खुर्चीत मागे रेलला होता, तोंड उघडं टाकून श्वास घेत होता, आणि खूश होता.

"याच्यात काहीतरी आहे, आत्या. वाचून सांगा ना... प्लीज."

मी वाचलं.

*तूं खालीं तिण्णैवर बैसलीस. मुरुक्कु खात्येस. माझी तार तुला ऐकूं येत्ये. सकाळीं मी हांसलें म्हणूनि तूं येत नाहींस. वसू, मी उगेच हांसलें.*

आता सांगायलाच हवं. चंद्राक्काला दम्याची उबळ आली की तिला हाक मारता येत नसे. तेव्हा ती वीणेची जाड तार तीनदा छेडायची; ती ऐकली की मी पाणी आणि औषध घेऊन वर पळायचं, असं आमचं ठरलेलं होतं. त्या दिवशी सकाळी पाहुण्यांसमोर मी गायले आणि ती म्हणाली, "हिच्या गळ्यांत कावळा बैसला आहे." सगळे हसले. मी बारा वर्षांची होते. दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी बाहेर तिण्णैवर, दारालगतच्या कट्ट्यावर, मुरुक्कू म्हणजे चकली खात बसले होते. तार तीनदा वाजली. मी उठले नाही. मग पुन्हा तीनदा. मग दोनदा. मग बऱ्याच वेळाने एकदा.

घरच्यांना मी सांगितलं की मला झोप लागली होती.

"आत्या? काय लिहिलंय?"

"डांगराच्या पच्चडीची कृती," मी म्हटलं. "उडदाचं पीठ, दही, हिरवी मिरची."

"वॉव," तो म्हणाला. "हे पहिल्या चॅप्टरलाच घालतो."

मला त्याची इतकी किळस आली की भीती क्षणभर मागे पडली. एक मेलेली मुलगी याच्या बोटांतून बोलत होती आणि हा तिची पच्चडी करून पुस्तकात वाढणार होता. पच्चडी मीच केली होती, ते मला नंतर सुचलं.

"ते ऐकणं बंद कर," मी म्हटलं. "तुला धाप लागत्ये."

"एसी नाही ना इथे... म्हणून."

त्याने हेडफोन पुन्हा चढवले. ते मला त्याच्या कानांवरून ओढून काढता आले असते. मी काढले नाहीत. लेखकाला शिकवायला जाऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी ऊन भयंकर होतं. समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढून आत ताणून दिली होती, मेल वीदी रस्त्यावरचे रिक्षावालेही झाडाखाली निजले होते. वीज गेली आणि पंखा थांबला. मी दारालगतच्या कट्ट्यावर वारा घेत बसले होते. नव्या घरालाही अप्पांनी तिण्णै ठेवली होती.

तार वाजली. तीनदा.

मोठा आवाज नव्हता. अगदी जवळ, पोटात उमटावा तसा खोल. मी वर माडीच्या खिडकीकडे पाहिलं. हेडफोन लावलेल्या माणसाचं संगीत खाली ऐकू येत नाही, हे मला कळत होतं.

पुन्हा तीनदा.

खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की बसून राहावं. थांबेल. मागच्या वेळीही थांबलं होतं. नाकाला निलगिरीच्या तेलाचा वास आला, चंद्राक्काच्या छातीला चोळत तो.

दोनदा...

मी उठले. त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी जितकं पळता येतं तितकं पळाले.

प्रद्युम्न खुर्चीतून खाली घसरला होता. ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि आत हवा जात नव्हती. डोळे माझ्यावर, आणि दहाही बोटं फरशीवर टाइप करत असल्यासारखी नाचत होती. मी हेडफोन ओढून फेकले, त्याला बसतं केलं, एकशेआठला फोन लावला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याची पाठ चोळत मी एकच म्हणत होते, "आले रे... मी आले..." कुणाला म्हणत होते, देव जाणे.

तो वाचला. तरुण डॉक्टरने मला घरात धूळ किती आहे ते विचारलं आणि दम्याची जुनी खूण कुठेच दिसत नाही म्हणून कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. त्या कागदाचीच मग घडी करून त्याने आपल्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सरकवली.

संध्याकाळी प्रद्युम्न शुद्धीवर असताना मी त्याला सगळं सांगितलं. तार, मुरुक्कू, झोप लागल्याची थाप आणि पच्चडीचीसुद्धा. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, तो याचीही टिपणं काढील. पण त्याने साधा कागदही मागितला नाही.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "त्या टेपवर वीणा दोनच मिनिटं आहे. पुढे कोरीच. स्टुडिओवाल्यानंही तसंच सांगितलं होतं. मी नुसती ती खरखर लूपवर लावायचो... लिहायला छान वाटायची."

रात्री रघुराम चेन्नईहून आला आणि मुलापाशी थांबला. मी पहाटे घरी आले. कुलूप मीच लावलं होतं, किल्ली माझ्याच कमरेला होती. प्रद्युम्नला लॅपटॉप हवा होता, म्हणून वर गेले. स्क्रीन उजळली. आदल्या दुपारी त्याला उचलताना मी ते पान पाहिलं होतं. शेवटी नुसत्या इंग्रजी 'व्ही'ची एक ओळ उमटलेली होती, बोट दाबून राहिल्यासारखी.

आता तिच्याखाली आणखी एक ओळ होती. तुटक नव्हती, घाईची नव्हती. मी ती सावकाश लावली.

*वसू, धांवत वरतीं कां गेलीस? मी तर खालींच होत्यें, तिण्णैवर, तुझ्या शेजारीं.*