सायलेन्सरवरची कोरी जागा

स्वातीनं पाण्याचे दोन पेले आणून ठेवले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा तीन दिवस कोठडीत, आणि बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. लटारूभाऊंना हे काही पटलं नाही. तीस वर्षं एस.टी. चालवलेला हा माणूस आता चंद्रपूरच्या रंजीता मॅडमची गाडी चालवायचा. खासगी तपास मॅडम करायच्या. आपणच करतो असं भाऊंना वाटायचं.

"पहिल्यापासून सांगा, बाई," रंजीता म्हणाली.

स्वातीनं पाठ म्हणावा तसं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी गावातला म्हातारा इसरू सायकलनं सावली गावच्या बाजारातून परतत होता. एका मोटारसायकलनं त्याला उडवलं आणि चालवणारा त्याला तसंच टाकून निघून गेला. तासभर इसरू रस्त्याकडेला पडून होता, मग त्याचा जीव गेला. तिथं सापडलेला इंडिकेटरचा तुकडा तिच्या नवऱ्याच्या, सुनिलच्या, गाडीचा निघाला.

"सुनिल कुठी होते?"

"बल्लारपूरले, कामावर. गाडी नेलीच नाई. पावसानं सायलेन्सर गंजला होता. सकाळी घासून हीट पेंट मारला, तापला तरी न जळणारा, अन् ऑटोनं स्टेशनवर गेले. पाचले रेल्वेतून उतरले, पायी आले. कोणी पाह्यलं नाई."

"घरी कोण होतं?"

"मी धान कापाले गेली होती. गाडीची चाबी खुटीले राह्यते." ती थांबली. "पोलीस म्हणतात, ओरखडे लपवाले नंतर रंग मारला."

गाडी त्यांनी सकाळीच ठाण्यात पाहिली होती. रंजीतानं सायलेन्सरवर नख ओढलं, पण चंदेरी रंग हलला नाही. मधोमध चार बोटं जागा मात्र कोरी होती. ओरखडा एकही नव्हता. साल सोलावी तसा रंग निघालेला, कडा सुरकुतलेल्या. मग तिनं कोठडीतल्या सुनिलला दोन्ही पायांची पँट वर करायला लावली. पाय धड होते. लटारूभाऊंनी लाजून तोंड फिरवलं होतं.

घरून दोघं निघाले. इसरू पडला त्याच रस्त्यावर श्रीहरीचं गॅरेज होतं. रंगाचा डबा सुनिलनं त्याच्याकडूनच नेला होता.

"शनिवारी साडेपाचले सुनिलभाऊची गाडी इथून गेली," तो म्हणाला. "तोंडाले दुपट्टा होता. सायलेन्सर नुसता धूर सोडत होता. मी ओरडलो, पण थांबलाच नाई."

"झालं!" गाडीत बसता बसता लटारूभाऊ म्हणाले. "साक्षीदारच भेटला. नवराच आहे, मॅडम."

परत आल्यावर रंजीता स्वातीच्या धाकट्या भावाजवळ बसली. पवन धान कापणीसाठी आला होता, पण उजवी पोटरी पट्टीत बांधून बाजेवर पडला होता.

"काय झालं पायाले?"

"चहा सांडला. उकळता."

"अरे बापा!" लटारूभाऊ कळवळले. "नशीब, पाऊल तरी वाचलं."

रंजीतानं चमकून भाऊंकडे पाहिलं. मग पट्टी सोडायला लावली. पोटरीच्या आतल्या अंगाला चार बोटं रुंद भाजलं होतं. पट्टी अगदी नवी होती.

"ही कोणी बांधली?"

"ताईनं."

रंजीतानं स्वातीला समोर बसवलं.

"हीट पेंट नुसत्या हवेत पक्का होत नाई. न तापलेला रंग नखानं निघतो. पहिल्यांदा तापला का तो धूर सोडतो, नरम पडतो, मग दगडासारखा होतो. ठाण्यातला रंग पक्का आहे. श्रीहरीनं धूर पाह्यला. म्हणजे गाडी गेली तेव्हा रंग आधीच लागला होता, अन् पहिल्यांदाच तापत होता. लपवायसाठी मारलेला नाई."

"पण ती कोरी जागा?" लटारूभाऊंनी विचारलं.

"रस्त्यावर घासली असती तर ओरखडे पडले असते. नरम रंग कशाले तरी चिकटून निघाला. इसरूले धडकून गाडी उजव्या अंगावर पडली. सायलेन्सर उजवीकडंच असतो, त्याच्याखाली चालवणाऱ्याची पोटरी दबली. सुनिलच्या पायाले डाग नाई. अन् चहा पोटरीवर सांडला तर ओघळून पावलावर येतो. पवनचं पाऊल वाचलं, हे भाऊच बोलले."

लटारूभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले तेच होते.

पवननं मान खाली घातली. "मी पळालो ताई. तो हात हलवत होता."

स्वाती उठली, तांदळाच्या डब्यामागून कापडाची पट्टी काढून आणली आणि रंजीताच्या हातात दिली. रक्ताच्या डागात चंदेरी कण चिकटले होते.

"पह्यली पट्टी आहे. धुतली नाई मी."

"माहीत होतं तर बोलली काऊन नाई?" लटारूभाऊंनी विचारलं.

"भाऊ आहे माझा. तोंडातून निघालंच नाई. म्हणून तुमाले बोलावलं."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. तीन दिवसांपूर्वी ही पट्टी सोडतानाच तिचं सगळं रडू आटलं होतं, हे लटारूभाऊंना आता कळलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

स्वाती पवनच्या पायाशी खाली बसली. तिनं जखमेला हलक्या हातानं मलम लावलं आणि सोडलेली पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"घट्ट होऊन राह्यली का?"

"नाई."

"मग चाल ठाण्यात. ते कधीचे कोठडीत आहेत."

लटारूभाऊ बाहेर गेले आणि गाडीचं मागचं दार उघडून उभे राहिले.