पहिली हाक

बसा रे, जॅकेटं वाळत घाला आणि चहा घ्या. दिवसभराच्या सरावात आठ वेळा बोट उलटी केली तुमची, हात गळून गेले असतील. माझेही गेलेत. एकतीस वर्षं तापीच्या पुरात बोटी घालतोय, मी म्हातारा झालो, पाणी आहे तसंच आहे. हेमांगी, मघाशी तू विचारलंस, पितांबरनाना, पहिल्याच हाकेला बोट का वळवायची? सांगतो. गोष्ट माझी नाही, माझ्या जोडीदाराची, अभिमनची.

तीन वर्षांपूर्वीचा पोळा. अमावास्या, रात्रीचे पावणेदोन. पलीकडच्या वस्तीवर औषधं पोचवून अभिमन परत येत होता. सोबतचा वना बोटीत बसल्या बसल्याच झोपलेला. दोन दिवस कुणीच पाठ टेकली नव्हती. दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करून कान द्यायचा, हा आपला नियम. बुडालेल्या केळीच्या बागेपाशी त्याने इंजिन बंद केलं.

"ओ भाऊ..."

एकदाच.

आता आपण खान्देशातली माणसं. आई लहानपणापासून सांगते, "रातले भूत एकच हाक मारस. तिसरी हाक येस तवय बोलानं." तिसरी आली तरच ओ द्यायची. अभिमन पुरात मुरलेला गडी, पण थकलेल्या माणसाला आईचंच आठवतं. दोर हातात धरून तो दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला. ती आली नाही. त्याने इंजिन सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. त्याच बागेच्या बांधावर, बाभळीला स्वतःला दाव्याने बांधून घेतलेल्या उखर्डूचं प्रेत सापडलं. बैल सोडायला गेला होता. बैल वाचले. त्याची बायको ताईबाई अभिमनला म्हणाली, "त्यानी एखादी हाक तरी मारी व्हई का, भाऊ? घसा बसेल व्हता त्याना."

हाकेचं न सांगताच अभिमन परत आला. मलाही त्याने सांगितलं ते वर्षाने. मी रागावलो नाही. त्या रात्री मी असतो तर मीही थांबलो असतो, आणि त्याची मला लाज वाटते.

पुढच्या पोळ्याला रात्रीचा सराव होता. बोटीत अभिमन आणि वना. तीच बाग, पुन्हा पाण्याखाली. त्याने इंजिन बंद केलं. पावणेदोन.

"ओ भाऊ..."

वनानेही ऐकलं.

अभिमन उठून उभा राहिला, आलो, आलो म्हणून ओरडला. "उनू रे, उखर्डूभाऊ. उनू."

दोर फेकला.

दोर ताणला गेला...

बोट कलली. माणसाएवढं वजन. दोघं ओढत होते. तळहात सोलले.

मग वजन गेलं.

पाण्यावर कुणी नव्हतं. दोर वर घेतला. टोकाला गाठ. बैलाच्या दाव्याला मारतात तसली.

अभिमन सकाळी ताईबाईकडे गेला, सगळं कबूल केलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मारी व्हती त्यानी हाक." त्यानंतर अभिमन बोटीत बसला नाही. दोर माझ्या हवाली केला.

हा बघा. दोन वर्षं माझ्या घरी खुंटीवर आहे, पाण्यात गेलेला नाही. भूषण, हात फिरव. कोरडा आहे ना?

आता गाठीला लाव.

...

हात का पुसतोस रे?