पत्र्याला घातलेले टक्स

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि मी धपकन बसले ती नेमकी सीटवर ठेवलेल्या एका चादरीच्या गाठोड्यावर. खालून कर्रर्र आवाज आला...

वरूडहून अमरावतीला जाणारी बस माणसांनी गच्च भरलेली. तिकीट काढायला पुढे गेलेला एक उंच मुलगा गर्दीतून वाट काढत आला.

"मॅडम, उठता का जरा?"

त्यानं चादर उलगडली. आत पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीनं जोडून केलेलं काहीतरी होतं. आता ते पोळीसारखं चपटं झालं होतं.

"काय होतं हे?" मी घाबरत विचारलं.

"मोटरसायकलची टाकी."

"पुठ्ठ्याची?"

"आधी पुठ्ठ्याची. मंग तिच्यावरून पत्र्याची." त्यानं टाकी उलटीपालटी करून पाहिली आणि चक्क हसला. "चांगली बसली तुमी!"

चिडायच्या जागी हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मोर्शी येईपर्यंत त्याचं सगळं कळलं. नाव विपुल, गाव शेंदूरजनाघाट. त्याचे बाबा, महादेवराव, जन्मभर मोटरसायकलनं संत्र्याच्या बगीच्यात जायचे. मग खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, पण पाय आता फार फाकत नव्हते आणि गाडीची टाकी होती चांगली रुंद.

"मंग स्कुटी घ्या ना."

"घेतली. बसतच नाईत. बगीच्यातल्या चिखलात घसरते म्हणतात. दिवसभर ओट्यावर बसून राह्यतात, कोणाशी बोलत नाईत." तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "म्हून अरुंद टाकी घरीच करून राह्यलो. पण गोलाईवर पत्र्याले चुण्या पडतात. तेच अमरावतीले एकाले दाखवाले चाललो होतो..."

चुण्या! माझे कान टवकारले. मी वरूडला ब्लाउज शिवते.

"मंग टक्स घाला ना."

"पत्र्याले?"

"कापड गोल बसवाचं त आमी तेच करतो. जास्तीचं कापाचं, कडा जुळवाच्या."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. इतका वेळ, की शेवटी मीच नजर खाली वळवली.

"रविवारी येता का?" तो म्हणाला. "म्हंजे... मोडली तुमी, त भरून द्याले पायजे ना!"

त्याची आई, मैनाबाई, माझ्या आईच्या माहेरची निघाली, म्हणून घरून कोणी नाही म्हटलं नाही.

अंगणात टाकीवाचून उघडी पडलेली मोटरसायकल उभी होती. ओट्यावर बाजेवर महादेवराव, उशाशी काठी. मला पाहून ते एवढंच म्हणाले, "पोट्टं भंगार करून राह्यलं." आणि त्यांनी कूस वळवली.

विपुलनं पुठ्ठ्याची टाकी नव्यानं केली होती. मी तिच्यावर कागद अंथरून टक्स आखले आणि त्यानं तसा पत्रा कापला. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून तो लाकडी हातोड्यानं ठोकू लागला. ठक्... ठक्... सपाट पत्र्याला हळूहळू पोट येत होतं. मधूनच थांबून, डोळे मिटून तो त्यावर तळहात फिरवायचा.

"डोळे काहून मिटता?"

"उंचवटा डोळ्याले दिसत नाई. हाताले लागते."

त्याचे ते हात... लोखंडाला इतकं हळुवार हाताळणारे हात मी कधी पाहिले नव्हते. खरं सांगू? त्या पत्र्याचा मला हेवा वाटला.

पुढचे रविवारही तिकडेच गेले. टाकी जोडून झाल्यावर तिची तोंडं बंद करून त्यानं सायकलच्या पंपानं बेतानं हवा भरली आणि मी सांध्यांवर साबणाचा फेस लावला. हवा सुटली तर बुडबुडा येणार. आम्ही दोघं वाकून बघत होतो, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. आणि एक बुडबुडा फुगला. नेमका माझ्या टक्सपाशी.

"मीच चुकीचं कापलं," माझा आवाज रडवेला झाला.

"तू बरोबर कापलं. जोडताना मी चुकलो."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"कसा काय चुकला?"

"तू समोर बसली होती. वेल्डिंगकडे ध्यानच नवतं..."

मी त्या बुडबुड्यावर उगाचच पुन्हा फेस लावला.

त्यानं तो सांधा घासून पुन्हा जोडला आणि आणखी एका रविवारी टाकी गाडीवर चढली. विपुलनं गाडी ओट्याला टेकवली. महादेवरावांनी टाकीवरून तळहात फिरवला. मग भिंत धरून त्यांनी पाय पलीकडे टाकला. दोन्ही गुडघे टाकीच्या दोन्ही बाजूंना अलगद बसले. मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. विपुलनं किक मारली... आणि कोणी काही म्हणायच्या आत गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

वाट पाहिली. महादेवराव परत येईनात. विपुलचा चेहरा उतरला.

"चाल," मी स्कुटी काढली. तो मागे बसला आणि आम्ही तडक बगीच्याकडे निघालो.

झाडं आंबिया बहाराच्या फुलांनी पांढरीशुभ्र झाली होती. वास तर जीव गुदमरावा इतका. बांधावर मोटरसायकल स्टँडला लावलेली, आणि महादेवराव काठीवाचून, एकेका झाडाला हात लावत चालले होते. त्यांचे डोळे भरले होते. आम्हाला पाहून त्यांनी ते घाईनं पुसले.

"टाकी बेस झाली," ते म्हणाले आणि मुद्दाम पुढच्या ओळीत शिरले.

आम्ही दोघंच उरलो. विपुल चपलेनं ढेकूळ फोडत बसला.

"आचल... टाकी त झाली. आता तू कोणत्या बहाण्यानं येशील?"

"मी नाई येत." त्याचा चेहरा असा पडला, की मला हसू आवरेना. "आता तू ये. आईबाबाले घेऊन. माह्या बाबाले विचाराले."

"काय... विचाराले?"

"मलेच सांगाले लावते का?"

त्याचा काळवंडलेला, खरबरीत हात पुढे आला आणि माझ्या बोटांपाशी येऊन थांबला. मीच तो धरला.

"अन् काहून उशीर करता?" फुलांच्या आडून महादेवरावांचा खणखणीत आवाज आला. "उद्याच जाऊ!"