मुलाखतीची खोली

“माझं दार कोणी हलवलं?”

नकाशाची गुंडाळी काखेत मारून नवा ज्युनिअर इंजिनिअर वाल्मीक ट्रेसिंगच्या खोलीत घुसला, तो थेट नकाशे उतरवणाऱ्या चांगुणाच्या टेबलापाशी. आला होता भांडायला, पण तिनं वर पाहिलं आणि स्वारीचा राग कुठल्या कुठे पळाला.

“मी हलवलं,” ती म्हणाली. “मुलाखतीच्या खोलीचं दार रस्त्याकडे होतं, मागे घेतलं.”

“इंजिनिअर मी, की तुम्ही?”

“तुम्हीच. पण भेटायला येणाऱ्या बायांना लोक बसमधून टकाटका बघतात. मान वर करवत नाही त्यांना.”

“तुम्हाला हो काय ठाऊक?”

“असंच... ऐकलंय.”

साल अठ्ठ्याहत्तर. नाशिकरोडजवळ कैद्यांची खुली वसाहत बांधायची होती. सुटका जवळ आलेल्यांनी तिथं काम शिकावं, घरच्यांना जाळीशिवाय भेटावं, म्हणून. वाल्मीकनं दार मागेच ठेवलं. मग रोज काहीतरी विचारायला तो यायचा... ओटा किती उंच, खिडकी कुठं. नकाशा एवढासा आणि शंका ढीगभर! चांगुणालाही त्या शंका गोड वाटू लागल्या होत्या.

“एक शंका राहिली,” एकदा तो हळूच म्हणाला. “तुमच्या वडिलांना भेटायचं तर... कुठं?”

तिचा हात थांबला. “ओझरला. कारखान्यात असतात.”

“मग रविवारी ओझर!”

खोटं किती पटकन तोंडातून गेलं! भावकीच्या मारामारीत एक माणूस दगावला आणि तिचे वडील, आबा, आत गेले, हे तिनं शहरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंडावर पदर ओढून ती तुरुंगात भेटून यायची, तेवढंच.

शनिवारी आखणी तपासायला दोघं जागेवर गेले. पाया खणायला कैदीच होते. घमेलं घेऊन वळलेला एक म्हातारा तिला बघून थबकला. आबा! त्यांना इथं आणलंय हे तिला माहीतच नव्हतं.

“ओळखतात का तुम्हाला?” वाल्मीकनं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

आबांनी मान खाली घातली. “चुकलं, साहेब. उन्हानं डोळ्यापुढं कायबी दिसतं. माझी नाय ती कुणी.”

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला झालं. थोडी पुढे गेली, तशीच मागे फिरली.

“ते माझे वडील आहेत. ओझरला कुणी नाही. तुमच्याशी खोटं बोलले, आणि आत्ता... त्यांच्या तोंडावर... इतके दिवस त्यांची लाज वाटायची मला. आता माझीच वाटते. उद्या कुठं जाऊ नका.”

वाल्मीकनं नकाशाची गुंडाळी खाली ठेवली. मग पहाऱ्यावरच्या जमादाराला विचारून तो आबांपुढे जाऊन उभा राहिला.

“आबा, उद्या तुम्हाला शोधत ओझरला जाणार होतो. चांगुणाला मागणी घालायला.”

घमेलं आबांच्या हातून सुटलं. “माझं समजल्यावर बी?”

“समजलं, म्हणून तर इथं विचारतोय.”

“पोरीला विचारलं का आधी?”

दोघं तिच्याकडे वळले. “हो,” ती कशीबशी म्हणाली, “माझं हो आहे.” वाल्मीक हसला. आबा रडता रडता हसत होते. ते तिला नुसतं ऐकू आलं, कारण त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिला अजून होत नव्हतं.