निर्दोष पेशी का मेल्या

आमची पहिली भेट लॅबमध्ये, पेशी उबेत वाढवायच्या इन्क्युबेटरपाशी झाली. मी खाली वाकून पडलेलं झाकण शोधत होते, त्याने वरून दार उघडलं आणि उठताना ते माझ्या कपाळावर आदळलं. तो शेजारच्या लॅबमधला नवा मुलगा. त्यांचा इन्क्युबेटर बिघडला म्हणून आमच्याकडे पेशींची प्लेट ठेवायला आला होता. सॉरी म्हणताना त्याचे कान इतके लाल झाले, की मला रागावताच येईना.

मी तेव्हा एका विषाणूच्या प्रथिनामागे हात धुऊन लागले होते. ते पेशीत शिरलं की पेशी स्वतःच गाशा गुंडाळते... आक्रसते, तिला बुडबुडे येतात, तुकडे होतात. पण हे प्रथिनाचंच काम, असं सिद्ध करायचं तर दुसऱ्या प्लेटमधल्या, प्रथिन न दिलेल्या पेशी धडधाकट राहायला हव्यात. माझ्या त्या निर्दोष पेशीही पटापट मरत होत्या. आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर हा विषय बंद.

मी रडकुंडीला आले होते. तो मात्र दिवसभर ये-जा करायचा. कधी प्लेट ठेवायला, कधी बघायला, कधी ठेवलेली नीट ठेवली का ते बघायला... एक हात इन्क्युबेटरच्या उघड्या दारावर, नजर माझ्याकडे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी प्लेटमधलं, पेशींना पोसणारं लाल द्रावण जांभळट दिसलं. इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की असं होतं आणि पेशी मरतात, आणि दार सारखं उघडं राहिलं की तो कमी होतो. हे मला कधीच कळायला हवं होतं. पण तो आला की मी प्लेटकडे बघतच कुठे होते?

"तुझ्या पेशींमध्ये एवढं बघण्यासारखं काय आहे रे?" ती जांभळट प्लेट त्याच्यापुढे धरून मी विचारलं.

"पेशी..." तो घुटमळला. "त्या तर केव्हाच संपल्या. प्लेट रिकामी आहे. तू इथे असलीस की—पाय आपोआप वळतात. दार माझ्यामुळे उघडं राहायचं, हे मॅडमना मी सांगतो."

त्याने खरंच सांगितलं. मॅडमनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं, मला शेवटची संधी दिली आणि त्याला इन्क्युबेटरबंदी फर्मावली. तो यायचा थांबला आणि ती लॅब मला खायला उठली.

मी प्रयोग पुन्हा केला आणि अखेर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रथिन दिलेल्या पेशींचा चक्काचूर, बाकीच्या अगदी ठणठणीत. मॅडमकडे जायचं सोडून मी आधी शेजारच्या लॅबमध्ये धावले.

"जगल्या," मी म्हटलं.

त्याचा चेहरा खुलला, मग पडला. "छान झालं... म्हणजे मी लांब राहिलेलंच बरं."

"इन्क्युबेटरपासून," मी म्हटलं आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. "माझ्यापासून लांब राहा, असं कुणी सांगितलं?"