पहिल्या कार्डावरचा ट्रेबल

त्याच्या हातगाडीचं चाक बरोबर तिच्या दुकानाच्या पायरीसमोर निखळलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. चार पावलं पुढे निखळलं असतं तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभा राहिला असता आणि ती आपला दुपारचा चहा निवांत प्यायली असती.

आभाळ सकाळपासून कोंदलेलं. पाऊसही असा की छत्री उघडायला लाज वाटावी आणि न उघडावी तर अंग भिजावं. गाडीवर मेणकापडात गुंडाळलेला गिटारचा अ‍ॅम्प होता. जुन्या पद्धतीचा, काचेच्या ट्यूबांचा, एकट्या माणसाला न उचलवणारा. अ‍ॅम्प घसरू नये म्हणून त्याला मिठी मारून तो रस्त्यात उभा होता. ती बाहेर आली, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि ओठांत तीन स्क्रू. काही न बोलता खाली बसली आणि चाक बसवायला लागली. बोलायची सोयच नव्हती, तोंड उघडलं असतं तर स्क्रू थेट गटारात गेले असते. आणि हा गृहस्थ... अ‍ॅम्प सांभाळायचा सोडून तिच्या ओठांकडे बघत होता.

"काय बघताय?" शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर तिनं विचारलं.

"स्क्रू मोजत होतो. एखादा गिळलात तर?"

"तर तुम्हालाच मला दवाखान्यात न्यावं लागेल."

"नेईन की. गाडी आहेच, चाकही बसलं."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं. मग त्यानं दारावरची पाटी वाचली. 'अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती'. आणि तो कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हणजे मी आलोच होतो की."

दुकान तिच्या वडिलांचं. चाळीस वर्षं मोठमोठ्यानं वाजणारे अ‍ॅम्प तपासून बाबांचे कान गेले होते. आता ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिच्या कामाला नावं ठेवायचे आणि उत्तर ऐकायचं नसलं की कानातलं यंत्र काढून ठेवायचे. पण त्यांचा एक नियम ती कधी मोडत नसे. अ‍ॅम्प उघडण्याआधी गिऱ्हाइकानं कुठला नॉब कितीवर ठेवलाय ते कार्डावर लिहायचं, आणि परत देताना तिथेच आणून ठेवायचं. तिनं पेन्सिलीनं लिहिलं. गेन आठ, बेस सहा, ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, चार. कार्ड पत्र्याच्या डब्यात गेलं.

त्यानंतर तो येत राहिला. त्याच्याकडे होती ती त्या अ‍ॅम्पची पहिली आवृत्ती. दोन वर्षांनी त्यानं दुसरी घेतली, पुढे तिसरी. तिघांची नावं त्यानं ठेवली होती थोरला, मधला आणि धाकटा. तिला तो डॉक्टर म्हणायचा. दर वर्षी थोरल्याची तपासणी झाली की तिघांना तिच्या टेबलासमोर ओळीत मांडायचा, तोच एक तुकडा तिघांवर वाजवायचा आणि लग्नाची स्थळं पाहायला आलेल्या आत्याबाईसारखा खोट काढायचा.

"थोरला कसा, आधी गुरगुरतो आणि मग चावतो," तो म्हणायचा. "मधला नुसताच गुरगुरतो. धाकटा आल्या आल्या चावतो, पण त्यात माया नाही."

"आणि तुम्ही?"

"मी पाळलेला आहे."

"कुणी?"

त्यावर तो फक्त तिच्या ओठांवर नजर ठेवून हसायचा... आणि तिला उगाच एखादा ढिला नसलेला स्क्रू आवळावासा वाटायचा.

त्या नजरेवर ती जगत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. घरात तिचं बोलणं कोण ऐकत होतं? बाबांना ऐकू येत नव्हतं आणि वरच्या मजल्यावरच्या मावशीला स्वतःचंच बोलणं पुरत होतं. हा एकटाच असा की ती बोलायला लागली की हातातलं सगळं सोडून तिच्याकडे बघत राहायचा. ती कपॅसिटरबद्दल बोलो नाहीतर दमट हवेबद्दल, त्याची नजर हलायची नाही. पहिल्या दिवसापासून तसंच. असं कुणी कुणाकडे उगाच बघत नाही, तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

दोघांपैकी मनातलं बोललं मात्र कुणीच नाही. तो एकदा गिटार खाली ठेवून म्हणाला होता, "डॉक्टर, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"सांगा ना."

"धाकट्याची एक ट्यूब ढिली वाटतेय."

तिनं ट्यूब पाहिली. घट्ट होती.

पाचव्या वर्षी तक्रार सुरू झाली. थोरल्याच्या आवाजाची धार गेली, तो पांघरुणाखालून बोलल्यासारखा वाजतो. तिनं सगळा तपासला. काही बिघडलं नव्हतं. पण त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना, म्हणून तिनं आतला एक कपॅसिटर बदलून आवाज मुद्दाम टोकदार करून दिला. तो खूश झाला. ती त्याच्या खुशीवर खूश झाली. तो वाजवायला बसला की हल्ली आपण कानात कापूस घालतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

यंदा तो आला तेव्हाही आभाळ तसंच कोंदलेलं होतं. थोरल्याला टेबलावर ठेवून तो त्यावर हात फिरवत राहिला.

"हा गेला, डॉक्टर. विकून टाकतो. उद्या दुपारी माणूस न्यायला येणार आहे, त्याला सात वर्षांत काय काय काम झालं ते लिहून हवंय. तुमच्याकडे असेल ना?"

"कार्डं आहेत."

"मधला कधीच गेला. धाकट्याला कंपनीची वॉरंटी आहे, तो त्यांच्याकडेच द्यावा लागतो." तो थांबला. "म्हणजे आता... इथे यायला काही कारण उरणार नाही."

ती डब्यासाठी फळीकडे वळली होती. सात वर्षांचं धैर्य गोळा करून, तिकडे तोंड असतानाच, ती म्हणाली, "कारण लागतंच का?"

मागून काही उत्तर आलं नाही. ती वळली तेव्हा तो मेणकापडाची घडी घालत होता. "येतो उद्या," म्हणाला आणि गेला. एवढं स्पष्ट विचारल्यावर माणूस घडी घालत बसतो, म्हणजे उत्तर मिळालंच की.

संध्याकाळी तिनं सातही कार्डं टेबलावर काढली. आजवर ती एकत्र कधी पाहिलीच नव्हती, दरवर्षी एक लिहायचं आणि डब्यात टाकायचं. आता यादी करताना तिची पेन्सिल थांबली. गेन दरवर्षी आठ. बेस दरवर्षी सहा. ट्रेबल मात्र चार, चार, पाच, सहा, सात, नऊ... आणि आज दहा. दहाच्या पुढे नॉब फिरत नाही.

अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं नव्हतं. मधल्यातही नव्हतं आणि धाकट्यातही नव्हतं. त्यानं तिघांना आलटून पालटून नावं ठेवली होती, आणि तिघेही बिचारे धडधाकट होते.

बाबा खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. "काय झालं?"

तिनं कार्डं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि मान हलवली. "मला वाटलंच होतं. तो पोरगा माझ्यासारखाच ऐकतो. तोंडाकडे बघून."

बाबांकडे बघणं तिनं टाळलं. ते बरोबर बोलत होते. ती बोलते तेव्हा बाबाही तिच्या ओठांकडेच बघतात, हातातलं सगळं सोडून, नजर न हलवता. ज्या नजरेला तिनं सात वर्षं जपलं ती हीच? ती काय बोलते ते कळावं म्हणून चाललेली एका माणसाची नुसती धडपड? ती रडली. बाबांनी विचारलं तर सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला म्हणाली. इस्त्रीसारखी तापणारी ती सोल्डरिंगची कांडी त्या वेळी थंड पडली होती, पण बाबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि पुढे काही विचारलं नाही.

गप्प बसणं सोपं होतं. 'जुना झालाय, थकलाय' असं लिहून द्यायचं. तो थोरल्याला विकेल, धाकट्याचा ट्रेबल दहावर नेईल, मग आवाज वाढवेल, आणि उरलेसुरले कानही घालवेल. सांगितलं तर त्याच्याकडून त्याची गिटार काढून घेतल्यासारखं होणार होतं. आणि तिच्याकडून ती नजर. आपल्याला यातलं कुठलं जास्त दुखतंय, हे कळून तिला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी तिनं पहिलं काम केलं. दोन वर्षांपूर्वी घातलेला कपॅसिटर काढला आणि मूळचा बसवला.

तो ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी आला. तिनं त्याला स्टुलावर बसवलं, थोरल्याला तपासणीचं यंत्र जोडलं आणि शेजारी स्कोपचा लहान पडदा चालू केला. आवाज येत असला की त्यावर हिरवी रेघ नाचते, हे त्याला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. ती त्याच्याकडे तोंड करून बसली.

"एक शिट्टी वाजेल. मी तिची पट्टी चढवत नेणार. ऐकू येतेय तोवर हात वर ठेवायचा."

"पेशंट तो आहे की मी?"

"हात वर करा."

त्यानं हसत हात वर केला. शिट्टी चढत गेली. एक हजार कंपनं, दोन हजार... तीन हजारांना जरा कमी असताना त्याचा हात खाली आला. "बघा, बंद पडला. म्हटलं नव्हतं?"

तिच्या कानांत शिट्टी टोचत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा शांत होते. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. हिरवी रेघ नाचत होती. तिनं चार हजारांवर नेली, रेघ नाचतच राहिली. तो उठला, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. जाळी थरथरत होती.

"वाजतोय?" हात तिथेच ठेवून त्यानं विचारलं.

"वाजतोय."

"म्हणजे इतकी वर्षं मी..." तो स्टुलावर बसला. "आणि पुढच्या महिन्यातले कार्यक्रम?"

"आधी कानांचे डॉक्टर. मी खोटी डॉक्टर आहे. दोन वर्षांपूर्वीच मला कळायला हवं होतं. कळलं नाही, म्हणून मी तुम्हाला आवाज आणखी टोकदार करून दिला. माझं चुकलं." मग एवढं बोललोच आहोत तर उरलेलंही बोलून टाकावं म्हणून ती म्हणाली, "काल मी फळीकडे तोंड करून एक विचारलं होतं. ते तुम्हाला ऐकू आलं नाही ना?"

"काय विचारलं होतं?"

"कारण लागतंच का, म्हणून."

त्याचे डोळे भरून आले. तिनं लगेच कार्डं पुढे सरकवली, कारण त्याचे डोळे भरलेले बघून आपण पुन्हा फसू अशी तिला भीती वाटली. "मला वाटायचं तुम्ही माझ्याकडे बघता. तुम्ही ऐकत होता. त्यात तुमची काही चूक नाही. पण मी... मी वेड्यासारखी त्यावर किती काय काय उभं केलं."

तो कार्डं वाचत होता. सातवं, सहावं, पाचवं. उलट्या क्रमानं, एकेक खाली ठेवत. "ही तीन-चार वर्षं ओठ वाचत असेन," तो हळूच म्हणाला. "मला कळलंच नाही. मला वाटायचं बघावंसं वाटतं म्हणून बघतो." मग पहिलं कार्ड हातात राहिलं. त्यानं ते खिडकीकडे धरलं.

"ट्रेबल चार," तो म्हणाला. "म्हणजे त्या दिवशी माझे कान चांगले होते?"

"उत्तम होते."

"आणि तुझ्या तोंडात तीन स्क्रू होते. चाक बसेपर्यंत तू एक अक्षर बोलली नव्हतीस."

"नव्हते बोलले."

"मग त्या दिवशी मी काय ऐकत होतो?"

बाहेर तोच तो लाज वाटायला लावणारा पाऊस पडत होता. त्यानं तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं आणि तेही तिच्या उशिरा लक्षात आलं.

थोरल्याला न्यायला येणाऱ्या माणसाला 'विकायचा नाही' असा फोन करायला त्यानं तिला सांगितलं, तिनं केला. मग तिनं कार्डाप्रमाणे नॉब फिरवले. गेन आठ, बेस सहा, ट्रेबल चार. आवाजाचा मोठा नॉब मात्र बराच खाली. त्यानं गिटार जोडली आणि तोच जुना तुकडा वाजवला, सावकाश. वाजवता वाजवता त्याचा चेहरा पडत गेला. त्याच्यापर्यंत त्यातलं निम्मंच पोचत होतं.

"कसा वाजतोय?" त्यानं विचारलं.

"आधी गुरगुरतो," ती म्हणाली, "मग चावतो. पहिल्या दिवशी वाजला होता तसाच."

"खरं?"

"खरं."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. त्यानं मान हलवली आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतला.